एमजीबीचा डावा सिग्नल: प्रकल्प नोंदी

३ जानेवारी

गाडी एमजीबी रोडस्टर (उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार), १९६५ चं मॉडेल, १७९८ सीसी, दोन एसयू कार्ब्युरेटर, उजव्या हाताचं स्टिअरिंग. मालक मामा. जागा सोलापुरात होटगी रस्त्यावरचं मामांचं गॅरेज. तिथे गाडीबरोबर दोन सायकली, एक बंद पडलेला कूलर आणि शेंगांची पोती राहतात.

तक्रार अशी: डावा सिग्नल मनाला येईल तेव्हा लागतो. लागला तरी आळशासारखा, मध्येच एखादा ठोका खातो, कधी पेटून तसाच अडकून राहतो. उजवा बरा आहे. शिवाय डावं वळण घेऊन स्टिअरिंग सरळ केलं तरी सिग्नलची दांडी जागेवर परत येत नाही, हाताने आणावी लागते. सात रस्त्याच्या चौकात मागच्या रिक्षावाल्याने मामांना यावरून चारचौघांत ऐकवलं. तेव्हापासून हे काम निकडीचं झालं आहे.

मामांचं निदान ठरलेलं. "फ्लॅशर गेलाय रे, नवा आण आणि टाक."

फ्लॅशर म्हणजे सिग्नलचा दिवा चालू-बंद करणारी डबी. जुन्या गाडीत सिग्नल बिघडला की सगळे आधी फ्लॅशरवर जातात, कारण टक्-टक् आवाज त्याचा येतो. पण फ्लॅशर दोन्ही बाजूंना एकच असतो. उजवी बाजू नीट चालते आणि डावी अडखळते, तर संशय फ्लॅशरच्या पुढच्या भागावर जायला हवा: स्विच, डाव्या बाजूची वायर, बल्ब, होल्डर, अर्थ (बॉडीतून बॅटरीकडे परत जाणारी वाट). बल्ब आज पाहून टाकले. डावीकडचे दोन्ही २१ वॅटचे आहेत, पुढचा आणि मागचा. उजवीकडचे काढून डावीकडे लावले, तरी तेच रडगाणं. बल्ब बाद.

५ जानेवारी

आज मोजमाप. त्याआधी या गाडीची एक खोड लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी हात घालेल त्याला कळेल. या गाडीत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला आहे, म्हणजे पॉझिटिव्ह अर्थ. एमजीबी १९६२ मध्ये अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून बाहेर पडायला लागली तेव्हापासून १९६७ पर्यंत हीच पद्धत होती. मार्क टू ही पुढची आवृत्ती आली, बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो जाऊन अल्टरनेटर आला आणि निगेटिव्ह अर्थ झाला. मूळची सोय सीटमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांची. मामांनी कधीच बारा व्होल्टची एक बसवून घेतली आहे, पण अर्थ पॉझिटिव्हच ठेवला आहे.

वायरमन लोकांना सवय असते बॅटरी सोडवताना आधी निगेटिव्ह काढायची. खरा नियम आधी अर्थचं टोक काढायचा आहे. एरवी दोन्ही एकच असतं म्हणून निभावतं. इथे आधी लाल टोक काढायचं, नाहीतर पाना बॉडीला टेकला की दिवाळी.

वायरिंग मात्र वाचायला सोपं आहे. लुकासचा (या गाडीचं इलेक्ट्रिक सामान बनवणारी ब्रिटिश कंपनी) रंगांचा नियम एकदा समजला की पुस्तक लागत नाही. तपकिरी थेट बॅटरीची. पांढरी इग्निशन चालू केल्यावर जिवंत होते. हिरवी म्हणजे तीच पांढरी, फ्यूजमधून पलीकडे आलेली. फ्लॅशरमधून स्विचकडे जाते ती फिकट हिरवी, तपकिरी रेघेची. स्विचमधून डावीकडे निघते ती हिरवी-लाल, उजवीकडे हिरवी-पांढरी. या मॉडेलला हझार्ड स्विच (दोन्ही बाजूंचे सिग्नल एकदम लावणारा) नाही, त्यामुळे एवढ्यावर सगळं आटोपतं. ज्यांनी आपल्याकडे अँबेसिडर किंवा स्टँडर्ड हेराल्ड उघडली आहे त्यांना हे रंग ओळखीचे वाटतील.

सिग्नल चालू-बंद होत असताना मीटरवर आकडा स्थिर राहत नाही. म्हणून फ्लॅशरच्या दोन टोकांमध्ये वायरीचा तुकडा जोडला. आता दिवे स्थिर जळतात आणि प्रत्येक तुकड्यावर किती व्होल्ट खाल्ले जातात ते निवांत मोजता येतं. इंजिन बंद, बॅटरीवर भार धरून १२.३ व्होल्ट.

बॅटरीपासून इग्निशन स्विचमधून फ्यूजबॉक्सपर्यंत ०.३५. फ्यूज आणि त्याच्या दोन चिमट्यांवर ०.६. फ्लॅशर ते स्विच ०.१. स्विचमध्ये, डावीकडे दांडी असताना, १.८. उजवीकडे असताना ०.२. पुढे बल्बपर्यंतची वायर ०.१५, मागच्या दिव्याचा अर्थ ०.२.

म्हणजे डाव्या बल्बला पोचतात ९.१ व्होल्ट आणि उजव्याला १०.७. बल्बचा उजेड व्होल्टेजपेक्षा फार वेगाने घसरतो. नऊ व्होल्टवर बारा व्होल्टच्या निम्मासुद्धा उरत नाही. भर दुपारी सोलापूरच्या उन्हात मागच्या माणसाला तो दिसणार कसा?

यातली महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. याच स्विचला आधी मीटरच्या बझरवर (जोड सलग असला की वाजणाऱ्या) लावलं होतं तेव्हा दोन्ही बाजूंना छान पी-पी वाजलं. वाजणारच. साधारण तीन अँपिअर जाताना १.८ व्होल्ट पडतात, म्हणजे रोध आहे सहा दशांश ओहम. बझरला तीस-चाळीस ओहमपर्यंत सगळं चांगलंच वाटतं. कारखान्यात मी कापडाच्या मागांचे स्टार्टर पॅनल दुरुस्त करतो, तिथेही पोरं हेच करतात: भार नसताना बझर वाजला की "कॉन्टॅक्ट ओके" म्हणून मोकळे. भार घालून व्होल्ट मोजल्याशिवाय स्विचबद्दल बोलू नये.

दुसरं गणित: १.८ गुणिले ३, म्हणजे साडेपाच वॅटच्या आसपास. पार्किंगच्या छोट्या बल्बाएवढी उष्णता स्विचच्या आत, शेंगदाण्याहून लहान जागेत. दांडीचं बूड हाताला कोमट लागत होतं ते याचमुळे.

फ्लॅशर आळशी का झाला तेही यातच आलं. जुना फ्लॅशर तापण्यावर चालतो. करंट गेला की आतली बारीक पट्टी तापून लांबते, चकती टक् करून उलटते, जोड तुटतो. पट्टी थंड झाली की पुन्हा जुळतो. करंट कमी पडला की तापायला वेळ लागतो, आणि फारच कमी पडला तर चकती उलटतच नाही. दिवा पेटून अडकतो तो असा.

६ जानेवारी

फ्यूजबॉक्स. छोटं काम, पण नोंदवण्यासारखं. ब्रेक दाबला की उजवा सिग्नलसुद्धा मंदावत होता. ब्रेकचे दिवे, वायपर, पेट्रोलचा काटा आणि सिग्नल हे सगळे याच हिरव्या वायरीवर, एकाच फ्यूजमागे आहेत. एकाचा भार वाढला की दुसरा अडखळतो, याचा अर्थ अडचण दोघांच्या आधी, सामाईक वाटेवर आहे.

फ्यूजचे पितळी चिमटे काळपट-हिरवे झाले होते. बारीक पॉलिश पेपरने साफ केले, पकडीने जरा आवळले, नवा फ्यूज टाकला. ०.६ वरून ०.०५.

फ्यूजबद्दल एक. लुकासच्या काचेच्या फ्यूजवर ३५ अँपिअर लिहिलेलं असतं ते वितळण्याचा आकडा आहे. सतत वाहायची त्याची मर्यादा १७. आपल्या बाजारात ३५ चा मागितला तर सतत ३५ वाहून नेणारा मिळतो. तो बसवला तर फ्यूजआधी वायर जळेल. १५ चा बसवला आहे.

९ जानेवारी

मामांच्या समाधानासाठी गाडीच्या इलेक्ट्रिक सामानाच्या दुकानात जाऊन आलो. दुकानदाराने इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर पुढे केला. "हा टाका साहेब, एलईडीला पण चालतो, बघायचं कामच नाही."

चालतो, पण निगेटिव्ह अर्थच्या गाडीला. त्याच्या आतल्या सर्किटला उलटं-सुलटं कळतं. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत, ज्या दिशेने तो बनवला आहे तसा जोडला तर तो चालणार नाही, मरूही शकतो. जुन्या तापणाऱ्या पट्टीला दिशेशी देणंघेणं नाही. आणि समजा दोन टोकं उलटी करून चालवलाच, तरी भार कमी असला तरी तो एकाच तालात टक्-टक् करत राहतो. बल्ब उडाला किंवा स्विच व्होल्ट खातोय हे कळायची सोयच जाते. या गाडीतला आळशी फ्लॅशर खरं तर प्रामाणिकपणे सांगत होता की पुढे काहीतरी बिघडलंय.

दुकानदाराला हे पटलं की नाही माहीत नाही. त्याने चहा मागवला. अँबेसिडरच्या जमान्यातला, डबीत राहिलेला दोन टोकांचा जुना फ्लॅशर काढून दिला आणि पैसेही घेतले नाहीत. तो जादा म्हणून डिकीत ठेवला आहे.

नवा स्विच इंग्लंडहून मागवता येतो. एमजीबी पाच लाखांवर बनल्या, त्यामुळे या गाडीचं सामान अजून तयार होतं. मामा तयार होते. मी नको म्हटलं. एकतर जकात आणि टपाल मिळून किंमत कुठल्या कुठे जाते. दुसरं म्हणजे जुना स्विच रिव्हेटचा आहे, उघडतो, दुरुस्त होतो. जो उघडतो तो आधी उघडून बघावा.

११ जानेवारी

स्विच काढला. आधी लाल टोक सोडवलं. स्टिअरिंगच्या खांबावरचं दोन फाळ्यांचं प्लॅस्टिकचं आवरण काढलं. त्याचे स्क्रू पन्नास-साठ वर्षांचे, घाईने फिरवले तर प्लॅस्टिक तडकतं. आत स्विच दोन स्क्रूंवर बसलेला. वायरी डॅशबोर्डखाली बुलेट जोडांमध्ये (गोळीच्या आकाराची टोकं नळीत खोचलेली) जातात. जोड ओढून निघेना, तेव्हा वायर न ओढता बुलेटला पकडीत धरून वळवत काढला. स्टिअरिंग काढावं लागलं नाही.

टेबलावर उघडला. आत तपकिरी पॅक्सोलिनची (करंट न वाहणाऱ्या जाड पुठ्ठ्यासारखी) पट्टी, तिच्यावर तीन रिव्हेट. मधला येणाऱ्या वायरीचा, बाजूचे दोन डाव्या-उजव्या दिव्यांचे. दांडी हलली की स्प्रिंगवरची पितळी पत्री मधला रिव्हेट एका बाजूच्या रिव्हेटशी जोडते. ग्रीस सुकून मेणासारखं घट्ट झालेलं, त्यात धूळ मिसळलेली. सोलापूरची धूळ आणि सरकीच्या कापसाचे तंतू, दोन्ही भिंगातून दिसले.

डाव्या रिव्हेटभोवती पॅक्सोलिन काळवंडलेलं. मला वाटलं होतं रिव्हेटचं डोकं झिजलं असेल. डोकं ठीकच होतं. वायरीचा पत्रा ज्या रिव्हेटच्या शेपटीखाली दाबलेला असतो, तो पत्रा बोटाने हलत होता. साडेपाच वॅट तिथे जळत होते. नुसती पत्री साफ करून स्विच परत बसवला असता तर महिनाभर बरा चालला असता आणि पुन्हा तेच.

१३ जानेवारी

काम बंद. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा. आज अक्षता, म्हणजे यात्रेतला लग्नसोहळा, गावात सातही नंदीध्वज निघालेत, रस्ते बंद, दुकानं बंद. मामांकडे पाहुणे. गाडीच्या सीटवर कुणाचं तरी बाळ झोपवलेलं पाहिलं.

१७ जानेवारी

रिव्हेटचं काम. यात सगळ्यात जास्त वेळ गेला आणि जावा असंच ते काम आहे.

आधी सफाई. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश. पेट्रोलने पण ग्रीस निघतं, पण मागे तेलकट थर राहतो.

रिव्हेटच्या डोक्यांना पॉलिश पेपर लावायचा की नाही, यावर आमच्या पॅनलच्या दुकानात नेहमी वाद असतो. स्टार्टरच्या कॉन्टॅक्टरची (मोटार चालू-बंद करणाऱ्या मोठ्या स्विचची) टोकं चांदीमिश्रित असतात. तिथे पेपर मारू नये असं मी ठाम सांगतो. चांदीवरचा काळा थर करंट फारसा अडवत नाही, उलट घासून चांदीच संपते. शिवाय जुन्या कॉन्टॅक्टमध्ये कॅडमियम ऑक्साइड असतं, त्याची पूड नाकात जाणं वाईट. पण तांब्या-पितळेचा काळा थर खरोखर अडवतो. या स्विचचे रिव्हेट पितळेचे आहेत, म्हणून इथे घासणं बरोबर. हजार नंबरचा पेपर सपाट पट्टीवर चिकटवून, दोन-चार हात, चमक येईपर्यंत. मग पुन्हा अल्कोहोलने पुसलं, कारण पेपरचे कण पितळेत रुततात.

पत्रीचा ताण बघितला. डावीकडचं टोक जरा बसलेलं होतं, उष्णतेने. बारीक पकडीने केसभर वर उचललं. जास्त उचललं की दांडी जड होते आणि स्विच जागेवर टिकत नाही, म्हणून उचलायचं, हलवून बघायचं, परत.

आता सैल शेपटी. रिव्हेट ठोकून आवळायचा मोह होतो. पॅक्सोलिन म्हणजे कागद आणि राळ, ठोक्याला फुटतं, आणि या वयाचं तर नक्कीच. डोक्याखाली सपाट लोखंडी ठोकळा घेतला, शेपटीवर गोल टोकाचा पंच, आणि लहान हातोडीने फक्त बसवण्यापुरते ठोके दिले. पत्रा हलायचा थांबला, पण उष्णतेने तो पुन्हा सैल होऊ शकतो. म्हणून पत्रा आणि शेपटी यांच्यात कथिलाचा डाग दिला. त्याआधी दोन्ही घासून चकचकीत केलं, राळेचा फ्लक्स लावला. डाग द्यायची तापलेली इस्त्री दोन-तीन सेकंदच टेकवायची. जास्त वेळ ठेवली तर पॅक्सोलिनला फोड येतात. आता करंट रिव्हेटच्या दाबावर अवलंबून नाही, कथिलातून जातो. उजव्या आणि मधल्या रिव्हेटलाही तसाच डाग देऊन टाकला. उघडलंच आहे तर.

ग्रीस: सरकणाऱ्या पत्रीवर अगदी बोटाचा ठसा उमटेल इतकी पेट्रोलियम जेली. सिलिकॉन ग्रीस नको. स्विच उघडताना ठिणगी पडते, तिच्यात सिलिकॉन जळून काचेच्या पुडीसारखा कठीण, करंट अडवणारा थर तयार होतो. जेली जळाली तरी असं काही मागे ठेवत नाही.

टेबलावर २१ वॅटचे दोन बल्ब आणि बॅटरी लावून मोजलं. डावीकडे ०.१२, उजवीकडे ०.१०.

१९ जानेवारी

दांडी परत न येण्याचं प्रकरण. स्टिअरिंगच्या दांड्यावर एक उंचवटा असतो. चाक परत सरळ फिरताना तो स्विचच्या छोट्या पंजाला ढकलतो, पंजा दांडीला सोडतो. डावीकडचा पंजा बघितला तर टोक थोडं गोल झालेलं. मी कानस घेऊन त्याला आकार द्यायला बसलो होतो.

शेजारच्या गल्लीतले अण्णा आले. साखर पेठेत मागांवर आयुष्यभर जॉबर (मागांचा मिस्त्री) म्हणून काम केलेले, पंजे, खिट्ट्या आणि स्प्रिंगा हाच त्यांचा संसार. त्यांनी स्विच हातात घेतला, पंजा बोटाने दोनदा दाबला.

"पंजा कशाला घासतो बे? स्प्रिंग मेलीय की."

बरोबर होतं. पंजा परत उभा करणारी बारीक स्प्रिंग दमली होती. उंचवटा यायच्या वेळी पंजा अर्धवट पडलेला असायचा आणि टोकाला जेमतेम घासून सुटायचा. टोक गोल झालं तेही त्याचमुळे. अण्णांनी मागाच्या सुट्या भागांच्या दुकानातून मूठभर स्प्रिंगा आणल्या. गिरणगावाचा हा फायदा, पाच पैशाएवढ्या जागेत बसेल अशी स्प्रिंग मागितली तर दुकानदार नुसतं "किती वेटोळी?" विचारतो. चौथी बसली. अण्णांना ती पण पटली नाही, एक वेटोळं कापायला लावलं. मग पटली.

पंज्याचं टोक तसंच ठेवलं.

२१ जानेवारी

जोडणी. बुलेट जोड स्वच्छ करून नवे बसवले, ४.७ मिलिमीटरचे. बाजारात मोटारसायकलचे त्याहून बारीक मिळतात, ते घालून ढिले ठेवू नयेत.

स्विच बसवताना गाडीची पुढची चाकं अगदी सरळ ठेवून उंचवटा दोन्ही पंजांच्या बरोबर मध्ये येतो की नाही ते पाहिलं. किंचित उजवीकडे होता. कधीतरी कुणीतरी स्टिअरिंग काढून एक दात सरकवून बसवलेलं दिसतं. स्टिअरिंगचं चाक सोडवण्यापेक्षा स्विचच्या कंसाच्या लांबट भोकांत जेवढी जागा होती तेवढा स्विच सरकवला.

शेवटी अर्थचं टोक जोडलं. फ्लॅशरवर पुन्हा वायरीचा तुकडा. डाव्या बल्बला ११.३ व्होल्ट, उजव्यालाही तेवढेच. तुकडा काढला, फ्लॅशर तोच जुना ठेवला. मिनिटाला ठोके ऐंशीच्या आसपास, दोन्ही बाजूंना सारखे. साठ ते एकशेवीस हा पट्टा मान्य आहे. ब्रेक दाबून धरला तरी ताल बदलत नाही.

मामांनी गॅरेजच्या भिंतीवर पडणारा पिवळा उजेड बघितला आणि म्हणाले, "आधीपण एवढाच होता."

२५ जानेवारी

अक्कलकोटपर्यंत जाऊन येणं, मामा चालवत, मी बाजूला. हूड (कापडी छत) खाली, थंडी बरी होती. इंजिन चालू असताना डायनॅमोमुळे व्होल्टेज वर जातं, त्यामुळे ठोके जरा वाढून नव्वदच्या घरात गेले. हे असंच हवं. परत आल्यावर दांडीचं बूड हाताला गार होतं. फ्यूजबॉक्स आणि स्विचवर पुन्हा मोजलं, टेबलावरच्याच आकड्यांवर आहेत.

राहिलेलं: डावं वळण घेतलं की दांडी दरवेळी परत येते. उजवीकडे मोठ्या वळणावर येते, पण रस्त्याची लेन बदलण्याएवढं चाक फिरलं तर येत नाही. स्टिअरिंगचा तो एक दात सरकवला तर हेही सुटेल. त्यासाठी चाक काढावं लागेल, आणि चाकाचा नट घट्ट बसलेला आहे. मामा म्हणतात हाताने परत आणीन. इग्निशन स्विचमधले ०.३५ व्होल्टही तसेच आहेत. उन्हाळ्यात वायपरची मोटार काढायची आहे तेव्हा त्याच वायरीवर काम करायचंय, दोन्ही तेव्हा बघू.